चार खांब आणि एक काच : एका इटालियन टेबलाचे कर्ते

या व्याख्यानमालेत आपण एरवी राजवटी, शहरं, ग्रंथ अशा मोठ्या गोष्टींबद्दल बोलतो. आजचा विषय दिसायला लहान आहे. एक जेवणाचं टेबल. १९८५ साली इटलीत बाजारात आलेलं. त्याचं नाव ‘सेरेनिस्सिमो’.

आधी हे टेबल डोळ्यांसमोर आणू या. खाली चार जाडजूड गोल खांब आणि वर जाड काचेचा सपाट तक्ता. बस्स, एवढंच. नक्षी नाही, वळणदार पाय नाहीत, कोरीव कड नाही. खांब मुळात पोलादाचे आहेत, पण पोलाद आपल्याला दिसत नाही. त्यावर व्हेनिशियन स्टक्को म्हणून ओळखला जाणारा, घोटून गुळगुळीत केलेला रंगीत गिलावा चढवलेला आहे. त्यामुळं लांबून पाहिलं तर दगड वाटतो आणि जवळ गेलं की जुन्या राजवाड्यातली भिंत आठवते. काच आरपार असल्यामुळं खांब लपत नाहीत. आपण जेवायला बसलो तर ताटाच्या पलीकडे, खाली, ते सतत दिसत राहतात.

जुन्या फर्निचरच्या बाजारात आज या टेबलाला चांगला भाव आहे आणि त्याचं वर्णन जवळजवळ ठरून गेलेलं आहे : विंटेज, उत्तरआधुनिक, इटालियन, डिझायनर मासिमो विन्येली. पुष्कळदा त्यात लेला विन्येली यांचंही नाव असतं, पण दर वेळी असेलच असं नाही. डेव्हिड लॉ हे तिसरं नाव त्याहून कमी वेळा येतं. आणि तो गिलावा ज्याच्या हातानं चढला, त्याचं नाव कुठंच नसतं.

तर आज आपल्यापुढं दोन प्रश्न आहेत. हे टेबल खरोखर ‘उत्तरआधुनिक’ आहे का, हा पहिला. आणि ते कुणी केलं, हा दुसरा. पहिला प्रश्न अभ्यासकांना आवडतो. दुसरा प्रश्न सोपा वाटतो, पण तोच जास्त अवघड आहे. शेवटी आपल्याला तिथंच पोचायचं आहे.

सुरुवात काचेपासून करू. आज काचेचं टेबल कुठल्याही शहरातल्या दुकानात मिळतं, त्यामुळं त्यात काही विशेष वाटत नाही. पण जेवणाच्या टेबलाचा वरचा तक्ता काचेचा करायचा ही कल्पना जेमतेम शंभर वर्षांची आहे. १९२९ साली पॅरिसच्या सालाँ दोतोन या प्रदर्शनात ल कोर्ब्युझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ या तिघांनी घराच्या अंतर्भागाची मांडणी केली होती. त्यात एक टेबल होतं. खाली पोलादी सांगाडा आणि वर काच. सांगाड्याला वापरलेल्या नळीचा छेद विमानांच्या बांधणीत वापरतात तसा, लंबगोल. आणि गंमत बघा, काच सांगाड्यावर थेट टेकलेली नव्हती. मध्ये छोटे आधार होते, त्यामुळं काच किंचित वर, हवेत ठेवल्यासारखी दिसायची. म्हणजे ‘पेलणारं काय’ आणि ‘पेललं जाणारं काय’ हे डोळ्यांना स्वच्छ वेगळं दिसावं, हा हट्ट. आधुनिकतावादाचा तो मूळ हट्टच होता : वस्तूनं आपलं काम लपवू नये.

पेरियाँ तेव्हा पंचविशीतल्या होत्या. ल कोर्ब्युझिए यांच्या कार्यालयात पहिल्यांदा काम मागायला गेल्या तेव्हा त्यांना तुसडेपणानं परत पाठवलं होतं. नंतर प्रदर्शनातलं त्यांचं काम पाहिल्यावर बोलावणं आलं. हे फर्निचर पुढं कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी ‘ल कोर्ब्युझिएचं’ म्हणूनच राहिलं. हा धागा मनात ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

इटलीत काचेकडं पाहण्याची दृष्टी थोडी वेगळी होती. १९३२ साली जो पोन्ती, लुइजी फोन्ताना आणि पिएत्रो किएझा यांच्या पुढाकारानं ‘फोन्तानाआर्ते’ ही संस्था मिलानमध्ये उभी राहिली. लुइजी फोन्ताना यांचा धंदाच मुळी तावदानी काचेचा. किएझांनी त्याच सुमारास एक टेबल केलं, एकाच काचेचं. काच तापवून दोन्ही टोकांना खाली वळवली, झालं टेबल. पाय वेगळे नाहीत, सांगाडा वेगळा नाही. पॅरिसवाल्यांना काच म्हणजे सांगाडा दाखवणारं साधन वाटलं. मिलानवाल्यांना काच हीच वस्तू वाटली. या दोन्ही वाटा पुढं इटालियन टेबलांत एकत्र आलेल्या दिसतात.

आता जरा तंत्राकडे वळू, कारण तंत्राशिवाय हा इतिहास कळत नाही. सपाट, जाड, डाग नसलेली काच बनवणं फार काळ महागडं काम होतं. काच ओतायची, मग दोन्ही बाजू घासायच्या, मग दोन्ही बाजूंना चकाकी आणायची. १९५९ साली इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं फ्लोट काचेची पद्धत जाहीर केली. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत पुढं सरकते आणि थंड होताना आपोआप सपाट होते. घासायची गरजच उरली नाही. पुढच्या वीसेक वर्षांत ही पद्धत जगभर पसरली आणि मोठी, सपाट काच घराच्या आवाक्यात आली. १९७० आणि ८०च्या दशकांत काचेची इतकी टेबलं का दिसतात, याचं एक साधं कारण हे आहे. सगळं काही शैलीतून येत नाही. काही गोष्टी भट्टीतून येतात.

आणि वजनाचा हिशोबही करून बघा. एक चौरस मीटर क्षेत्रफळाची, एक सेंटिमीटर जाडीची काच साधारण २५ किलो भरते. म्हणजे दीड मीटर व्यासाचा, पंधरा मिलीमीटर जाडीचा गोल तक्ता घेतला तर झाले सुमारे ६६ किलो. एका मोठ्या माणसाइतकं वजन. जी वस्तू डोळ्यांना जवळजवळ नसल्यासारखी वाटते, ती उचलायला दोन-तीन माणसं लागतात. कडक केलेली, म्हणजे टेम्पर्ड काच असेल तर आणखी एक अट : सहाशे अंशांच्या वर तापवून झटकन थंड केल्यावर तिला ना कापता येत, ना भोक पाडता येत. जे काही कापायचं, घासायचं, ते आधीच. चूक झाली तर काच गेली. त्यामुळं कडा घासणाऱ्या माणसाच्या हातात त्या टेबलाचं नशीब असतं.

इथून आपण व्हेनिसला जाऊ, कारण आपल्या टेबलाचं बीज तिथं आहे.

व्हेनिसच्या वास्तुकला संस्थेत कार्लो स्कार्पा शिकवायचे. हा माणूस विलक्षण. त्याआधी ते मुरानोच्या वेनिनी या काचकारखान्यासाठी वर्षानुवर्षं काम करत होते, काच फुंकणाऱ्या कारागिरांच्या शेजारी बसून. पुढं त्यांनी इमारती केल्या, संग्रहालयं केली, पण कामाची सवय तीच राहिली. आराखडा काढायचा, कारागिराकडे जायचं, त्याच्याशी बोलायचं, आराखडा बदलायचा. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांची नावं आज आपल्याला माहीत आहेत : धातूकाम करणारं झानोन कुटुंब, स्टक्को करणारे युजेनिओ दे लुइजी. स्कार्पांवरच्या ग्रंथांत ही नावं येतात. हे फार क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम सांगतो आहोत.

व्हेनिसचा हा स्टक्को म्हणजे काय? पारंपरिक पद्धतीत विरवलेला चुना आणि संगमरवराची भुकटी यांचं मिश्रण, त्यातच रंग. थापीनं पातळ थर द्यायचा, तो ओढला गेला की दुसरा, मग तिसरा. शेवटी पोलादी थापीनं दाबून घोटत राहायचं, जोवर पृष्ठभाग स्वतःहून चमकत नाही. वरून मेण किंवा साबण. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींवर चुन्याची घोटाई पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हाताचा दाब, हवेतली आर्द्रता, चुना किती दिवस विरवला, या सगळ्यांवर तो पृष्ठभाग ठरतो. दोन भिंती कधी सारख्या होत नाहीत.

याच स्कार्पांनी १९६८ साली एक टेबल केलं. निर्माते दिनो गाविना आणि त्यांची ‘सिमोन’ ही कंपनी. टेबलाचं नाव ‘दोजे’. दोजे म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा निवडून आलेला प्रमुख. खाली पोलादी पट्ट्यांची भारदस्त बांधणी, वर जाड काच, म्हणजे सगळे सांधे वरून दिसतात. जेवता जेवता सांधे बघत बसावं असं हे टेबल आहे. पॅरिसच्या १९२९च्या टेबलाशी त्याचं नातं उघड आहे, पण एक फरक आहे. पॅरिसच्या टेबलात विमानाची आठवण होती. स्कार्पांच्या टेबलात इतिहासाची आठवण आली, निदान नावातून तरी.

इतिहासाची आठवण. इथं ‘उत्तरआधुनिक’ हा शब्द दारात येऊन उभा राहतो.

हा शब्द आपण सगळेच सैलपणानं वापरतो, म्हणून थोडक्यात स्पष्ट करू. वास्तुकलेत तो रूढ झाला तो १९७७ साली चार्ल्स जेंक्स यांच्या पुस्तकानं. त्याआधी १९७२ साली रॉबर्ट व्हेंचुरी, डेनीस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी लास व्हेगासच्या जाहिरातींच्या फलकांकडून वास्तुकारांनी शिकावं असं मांडून खळबळ उडवली होती. मुद्दा असा : आधुनिकांच्या लेखी खांब म्हणजे भार पेलणारी वस्तू. भार नसेल तर खांब खोटा. उत्तरआधुनिकांच्या लेखी खांब म्हणजे भाषेतला एक शब्दही आहे. तो ग्रीसची, रोमची, देवळाची, दरबाराची आठवण करून देतो. तो गंभीरपणे वापरता येतो आणि थट्टेनंही.

१९८० साली व्हेनिसच्या बिएनालेमध्ये पाओलो पोर्तोगेझी यांनी वास्तुकलेचं प्रदर्शन भरवलं. शीर्षक होतं ‘भूतकाळाची उपस्थिती’. जुन्या आरमारी गोदीतल्या दोरखान्याच्या प्रचंड दालनात त्यांनी एक रस्ताच उभा केला. वीस दर्शनी भिंती, वीस वास्तुकारांनी रेखाटलेल्या. ऑस्ट्रियाच्या हान्स होलाइन यांनी आपल्या भिंतीत खांबांची रांगच मांडली, खांबांबद्दलचे विनोद म्हणा, आठवणी म्हणा. या भिंती प्रत्यक्ष बांधल्या कुणी? रोमच्या चिनेचित्ता चित्रपटनगरीतल्या कारागिरांनी, म्हणजे सिनेमाचे सेट उभारणाऱ्यांनी. वीस वास्तुकारांची नावं प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत. सेटवाल्यांचा उल्लेख फार तर एका वाक्यात, आणि तोही सामूहिक.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९८१मध्ये, मिलानमध्ये एत्तोरे सोत्सास आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ‘मेम्फिस’चं पहिलं प्रदर्शन भरवलं. भडक रंग, लॅमिनेट, वाकडेतिकडे कोन. सोत्सास १९६१ साली भारतात येऊन गेले होते आणि पुढं त्यांनी ‘शिवाला अर्पण’ अशा नावाची मातीच्या तबकांची मालिका केली होती, हे आपल्याला माहीत असायला हरकत नाही. मेम्फिसमुळं ‘उत्तरआधुनिक इटालियन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ते भडक फर्निचरच येतं.

पण दुसरी एक शांत वाटही होती. मारिओ बेलिनी यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कासिना कंपनीसाठी टेबलांची एक मालिका केली. नावं बघा : ‘ला रोतोन्दा’, ‘ला बाझिलिका’, ‘इल कोलोन्नातो’. पहिली दोन नावं विचेन्झाजवळच्या आणि विचेन्झातल्या पाल्लादिओच्या प्रसिद्ध इमारतींची, तिसऱ्याचा अर्थ खांबांची ओळ. १९७७च्या ‘कोलोन्नातो’त संगमरवरी दंडगोल खांब मोकळे उभे करायचे आणि त्यावर तक्ता ठेवायचा. टेबल म्हणजे छोटी इमारत, असा हा विचार. खाली खांब, वर छप्पर. फक्त छप्पर काचेचं केलं तर आतली इमारत वरून दिसते. जमिनीवरून कुणी देऊळ असं पाहू शकत नाही. जेवणाच्या टेबलाशी बसलेला माणूस पाहू शकतो.

आता आपण ‘सेरेनिस्सिमो’पाशी आलो.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचं बिरुद होतं ‘ला सेरेनिस्सिमा’, म्हणजे परम शांत, परम प्रसन्न. १७९७ साली ते राज्य संपलं, बिरुद राहिलं. इटालियनमध्ये टेबल पुल्लिंगी, म्हणून ‘सेरेनिस्सिमो’. हे नाव ऐकलं की इटालियन माणसाच्या मनात व्हेनिस येणारच. त्यात खांबांवरचा गिलावा व्हेनिसचा. म्हणजे नाव, खांब आणि पृष्ठभाग, तिन्ही गोष्टी एकाच गावाकडे बोट दाखवतात.

हे बोट दाखवणारी माणसं मात्र न्यूयॉर्कमध्ये बसलेली होती. मासिमो विन्येली जन्मले मिलानमध्ये, १९३१ साली. लेला वाल्ले जन्मल्या उदिनेमध्ये, १९३४ साली. त्यांच्या घरात वास्तुकला जणू वारशानंच आलेली : वडील प्रोविनो, भाऊ जिनो, बहीण नानी, सगळे वास्तुकार. लेला आणि मासिमो दोघंही व्हेनिसच्या त्या संस्थेत शिकले. मासिमो यांनी तरुणपणी मुरानोच्या वेनिनीसाठी काचेचे दिवे केले. १९५७ साली दोघांचं लग्न झालं. अमेरिकेत काही वर्षं, मग मिलान, आणि १९६०च्या दशकाच्या मध्यापासून कायमचं न्यूयॉर्क. १९७१ साली त्यांनी ‘विन्येली असोसिएट्स’ स्थापन केली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचा १९७२चा नकाशा, तो सरळ रेषांचा आणि पंचेचाळीस अंशांचा, याच कार्यालयातला.

म्हणजे बघा, हे कार्यालय आधुनिकतावादाचा बालेकिल्ला. मोजके टाइपफेस, चौकटीची शिस्त, फापटपसारा नाही. मासिमो यांनी फॅशनच्या मागे धावणाऱ्या डिझाइनचा जन्मभर तिटकारा केला. वस्तू टिकली पाहिजे आणि जुनी वाटता कामा नये, हे ते सांगत राहिले. अशा माणसाच्या टेबलाला आज बाजार ‘उत्तरआधुनिक’ म्हणतो.

हे चूक आहे का? आमच्या मते अर्धं बरोबर आहे. आकार बघितला तर चार दंडगोल आणि एक प्रतल, शुद्ध भूमिती. १९७९ साली विन्येलींनी ‘मेताफोरा’ नावाचं एक बुटकं टेबल केलं होतं, त्यात काचेखाली संगमरवराचे घन, गोल, दंडगोल आणि पिरॅमिड मांडलेले आहेत. तिथं युक्लिड आहे, रोम नाही. पण ‘सेरेनिस्सिमो’त त्या दंडगोलावर चुन्याचा हात फिरला आणि तो दंडगोल राहिला नाही, खांब झाला. आत पोलाद असताना बाहेर दगडाचा भास. पॅरिसच्या १९२९च्या मंडळींना हे चाललं नसतं. वस्तूनं आपलं काम लपवू नये, हा नियम इथं मोडलेला आहे. तेव्हा भूमिती आधुनिक, पृष्ठभाग आठवणीचा. लेबल लावायला सोपं जावं म्हणून आपण या दोन गोष्टी एका शब्दात कोंबतो.

आता दुसरा प्रश्न. हे टेबल कुणी केलं?

पहिलं उत्तर : मासिमो विन्येली यांनी. हे उत्तर सवयीचं आहे. पण या जोडप्याच्या कामाची वाटणी ज्यांनी पाहिली त्यांना माहीत होतं की कागदावरचं काम, म्हणजे पुस्तकं, नकाशे, बोधचिन्हं, हे मुख्यतः मासिमो यांचं. आणि फर्निचर, अंतर्भाग, चांदीच्या वस्तू, प्रदर्शनं यांत लेला यांचा हात मोठा. तरीही नियतकालिकं लिहिताना एकच नाव घ्यायची. २०१३ साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, मासिमो यांनी लेला यांच्या कामाचं एक पुस्तक तयार केलं आणि सर्वांना मोफत उपलब्ध करून दिलं. शीर्षकातच सांगून टाकलं की हे डिझाइन लेला विन्येली यांचं. सोबत असंही मान्य केलं की स्त्री भागीदारांना मदतनीस समजण्याची सवय पुरुष भागीदारांनी आणि पत्रकारितेनं मिळून जोपासली. पुढच्या वर्षी, २०१४मध्ये, मासिमो गेले. लेला २०१६मध्ये गेल्या.

हे पुस्तक उशिरा आलं, असं म्हणता येईल. म्हणायलाच हवं. पण ते आलं, हेही खरं. डेनीस स्कॉट ब्राउन यांचं उदाहरण आठवा. १९९१ साली प्रित्झकर पारितोषिक रॉबर्ट व्हेंचुरी यांना एकट्याला मिळालं. २०१३ साली हजारो लोकांनी सह्या करून मागणी केली की ती नोंद दुरुस्त करा. पारितोषिक समितीनं नकार दिला. पेरियाँ, स्कॉट ब्राउन, लेला. तिघींच्या कथा वेगवेगळ्या, पण प्रत्येक ठिकाणी काम होतं आणि नाव घसरलं होतं.

दुसरं उत्तर : विन्येली दांपत्य आणि डेव्हिड लॉ. लॉ त्यांच्या कार्यालयातले डिझायनर. नोल कंपनीसाठी केलेल्या ‘हँकरचीफ’ खुर्चीतही त्यांचं नाव आहे. विन्येलींच्या बाजूनं सांगायची एक गोष्ट म्हणजे हे नाव त्यांनी नोंदवलेलं होतं. ते गळतं ते पुढच्या हातांत. मूळ नोंदीत तीन नावं, मग वर्णनात दोन, मग शीर्षकात एक. कुणी मुद्दाम पुसत नाही. जागा कमी असते, आणि जागा कमी पडली की कुणाचं नाव आधी जातं, हे सगळीकडे सारखंच.

तिसरं उत्तर : आचेर्बिस कंपनी. १८७० साली बेन्वेनुतो आचेर्बिस यांनी बर्गामो परिसरात सुतारकामाची कार्यशाळा सुरू केली, तिथून हे घराणं. तिसऱ्या पिढीतल्या लोदोविको आचेर्बिस यांनी तिला आधुनिक कारखान्याचं रूप दिलं. ते नुसते पैसे घालणारे नव्हते. ज्योत्तो स्तोप्पीनो यांच्याबरोबर त्यांनी स्वतः आखलेल्या ‘शेरटन’ या कपाटाला १९७९ साली कोंपास्सो दोरो हे इटलीचं मानाचं डिझाइन पारितोषिक मिळालं. न्यूयॉर्कमधून आलेला आराखडा खरा होणार तो इथं. पोलादावर गिलावा बसेल का, तडकेल का, किती थर, कुठला रंग, काच कुठं टेकेल, हे प्रश्न कागदावर सुटत नाहीत.

आणि चौथं उत्तर : थापी हातात धरलेला माणूस. किंवा बाई. आपल्याकडे त्यांचं नाव नाही. पण त्यांचं काम आपल्यापुढं आहे, कारण या टेबलात डोळा जिथं थांबतो ती जागा तीच आहे. चार दंडगोल कुणीही रेखाटू शकतो. त्यांचा खांब झाला तो त्या हातानं.

इथं कुणी म्हणेल, नावाचं एवढं काय? वस्तू चांगली आहे, पुरे. तर हा प्रश्न फक्त मानापमानाचा नाही. जुनी टेबलं आता चाळिशी पार करत आहेत. काचेची कड टवकते, गिलाव्याला चिरा पडतात. काच बदलता येते. तीच जाडी, तीच कड, नवीन तक्ता मिळतो. गिलावा बदलता येत नाही, तो दुरुस्तच करावा लागतो, आणि दुरुस्तीला त्या पद्धतीचं ज्ञान लागतं. स्कार्पांच्या इमारतींची डागडुजी करताना दे लुइजी किंवा झानोन यांच्याकडे जाता येतं, कारण कोणी काय केलं हे माहीत आहे. ज्या वस्तूच्या मागचे हात नोंदलेले नाहीत, तिची दुरुस्ती अंदाजानं होते. कधी वरून रंगाचा हात मारतात. मग टेबल राहतं, पण पृष्ठभाग जातो. म्हणजे आज नाव गळलं की उद्या कौशल्याचा पत्ता हरवतो.

एक उलट उदाहरण देतो, म्हणजे चित्र एकांगी राहणार नाही. गाए आउलेन्ती १९७९ साली फोन्तानाआर्तेच्या कलासंचालक झाल्या. पॅरिसच्या जुन्या रेल्वे स्थानकाचं ओर्से संग्रहालय झालं, १९८६ साली ते उघडलं, त्याचा अंतर्भाग त्यांचाच. फोन्तानाआर्तेच्या कारखान्यात त्यांनी पाहिलं की काचेचे जड तक्ते चाकांच्या ढकलगाड्यांवरून हलवतात. १९८० साली त्यांनी तशीच चार औद्योगिक चाकं घेतली आणि त्यावर जाड काच ठेवली. झालं बुटकं टेबल. आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. पुढं १९९३ साली ‘तूर’ या उंच टेबलात त्यांनी चाकंच सायकलची लावली. त्यातला विनोद सगळ्यांना कळतो. पण १९८०च्या टेबलात आणखी काहीतरी आहे. कारखान्यात काच ओढणाऱ्या कामगारांची गाडी दिवाणखान्यात येऊन बसली. त्यांचं नाव तिथंही नाही, पण त्यांचं अवजार आहे. पाहणाऱ्याला विचारावंसं वाटतं, ही चाकं कुठून आली? आणि मग गोष्ट कारखान्यापर्यंत जाते.

२०२०च्या सुमारास आचेर्बिसनं आपली काही जुनी टेबलं आणि कपाटं पुन्हा उत्पादनात आणली, त्यात ‘सेरेनिस्सिमो’ही आहे. म्हणजे हे टेबल आता एकाच वेळी जुनंही आहे आणि नवंही. लेला, मासिमो आणि लॉ यांची नावं एकत्र छापण्याची ही चांगली संधी आहे. गिलाव्याच्या कारागिरांची नोंद ठेवण्याचीही.

तर उत्तर काय? हे टेबल कुणी केलं? आम्ही असं म्हणू : व्हेनिसमध्ये शिकलेल्या दोघांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं ते आखलं, बर्गामोच्या एका घराण्यानं ते उभं केलं, आणि चुन्याचा हात असलेल्या कुणीतरी त्याला खांब दिले. वाक्य लांब झालं, मान्य आहे. विक्रीच्या चिठ्ठीवर मावणार नाही. इतिहासाच्या वहीत मावायला हवं.

शेवटी श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न घेऊ. प्रश्न असा : घरात असं जुनं काचेचं टेबल असेल तर ते नेमकं कुणाचं, हे कसं ओळखायचं? थोडक्यात सांगतो. शिक्का शोधण्याआधी सांधे बघा. काच कशावर टेकली आहे, कड हातानं घासलेली वाटते का, खांबाचा पृष्ठभाग रंगवलेला आहे की घोटलेला. घोटलेल्या चुन्यावर बोट फिरवलं तर तो थंड लागतो, आणि तिरप्या उजेडात थापीचे फटकारे दिसतात. आणि जमलं तर घरातल्या मोठ्यांना विचारा, हे कुठून आणलं, दुरुस्त कुणी केलं. मिळालेली नावं, लहान वाटली तरी, लिहून ठेवा.